सड्यावरून दिसलेलं नाव

"घट्ट धर गो," भावजी म्हणाले. "हलली तर परत पयल्यापासून शोधूक लागतला."

मी डिशच्या खांबाला अक्षरशः मिठी मारून उभी होते. वादळ आदल्या संध्याकाळी उत्तरेकडे सरकलं होतं, पण जाताना दक्षिणेचा वारा मागे ठेवून गेलं होतं, आणि सड्यावर, म्हणजे वाडीवरच्या उघड्या कातळमाथ्यावर, त्या वाऱ्याला अडवायला गवताच्या काडीशिवाय काही नव्हतं. भावजी कातळावर मांडी घालून बसले होते. मांडीवर लॅपटॉप, आणि लॅपटॉपवर नि स्वतःच्या डोक्यावर मिळून एकच प्लास्टिकची खोळ. ते "वायच उजवीकडे" म्हणाले की मी डिश बोटभर फिरवायची आणि श्वास धरून थांबायचं. पडदा रिकामा. परत बोटभर. परत रिकामा.

आमच्या मागे वाडीतल्या बायका बसल्या होत्या. एरवी आम्ही चौघी जमलो की मासळीबाजारालाही लाज वाटावी, पण त्या सकाळी कुणी तोंड उघडत नव्हतं. माझी सासू सगळ्यांच्या पुढे, हनुवटी गुडघ्यावर टेकून दर्याकडे बघत होती. बघण्यासारखं काही नव्हतं. उत्तरेच्या घोड्याच्या टोकापासून दक्षिणेच्या बामणखडपापर्यंत सगळं पावसानं आणि धुक्यानं बुजलेलं. त्याच्या पलीकडे कुठेतरी आमची 'भगवती' होती. तिच्यावर आठ माणसं होती आणि त्यांचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या, माझा नवरा होता, दिगंबर.

सुधाकर भावजी म्हणजे माझे थोरले दीर. तेही आधी 'भगवती'वरच जायचे. जाळं ओढणाऱ्या विंचमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा सासूनं त्यांना दर्यावर न जायची शपथ घातली आणि 'भगवती' धाकट्याच्या, दिगूच्या, हाती आली. भावजी मग केबलच्या धंद्यात शिरले, केबलचं पुढे इंटरनेट झालं. ही लोखंडी जाळीची डिश खाडीपलीकडच्या एका हॉटेलवाल्यानं काढून टाकलेली. एकदा तिची दुरुस्ती करताना त्यांनी ती सहज दर्याकडे वळवली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली: भगवती. बोटीवर नेटचा एक डबा असतो, राउटर म्हणतात त्याला. किनारा जवळ आला की खलाशी त्यावर फोन लावतात, आणि त्या डब्याला आपल्याकडे बोटीचंच नाव द्यायची पद्धत. साध्या फोनला ते नाव अगदी जवळूनच दिसतं. पण सडा उंच, समोर उघडा दर्या आणि डिश एकाच दिशेला टक लावून बघणारी, त्यामुळे बोट डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी तिचं नाव भावजींना दिसायचं.

सासूला आधी हे पटलं नव्हतं. "बोट दर्यात नि नाव डोंगरार? वारो काय टपाल वाटता?" ती म्हणाली होती. पण नाव दिसल्यावर बोट येतेच हे तिनं दोनतीनदा पाहिलं आणि मग तीच सगळ्यांत मोठी भक्त झाली. वाडीत नियमच पडला: सड्यावर नाव दिसलं की घरी भात लावायचा. भात होतो, सार उकळतं, आंघोळीचं पाणी तापतं, तोवर माणूस दारात. नाव दिसायच्या आधी मात्र चुलीवर तांदूळ ठेवायचा नाही, तो अपशकुन. मी थट्टेनं म्हणायचे, माझ्या नवऱ्याची खबर माझ्याआधी दिराच्या लॅपटॉपला लागते. दिगू हसायचा आणि म्हणायचा, तुझ्यापेक्षा तो लॅपटॉप कमी बोलतो.

वादळाची वर्दी आली तेव्हा बहुतेक बोटी वेळेत परतल्या होत्या. राहिल्या दोन. आमची 'भगवती' आणि भिकाजी कुबलांची 'रवळनाथ'. शेवटी परतलेल्या तांडेलानं सांगितलं होतं की 'भगवती'चा गिअर तुटलाय, ती दक्षिणेला बामणखडपाच्या बरीच बाहेर अडकून पडलीय, आणि 'रवळनाथ' तिच्या आसपास आहे. त्यानंतर वादळानं मोबाइलचा टॉवर पाडला आणि सगळे फोन मुके झाले. आता काय ते डिशलाच दिसणार होतं.

खाली बंदरात चार बोटी डिझेल भरून तयार होत्या. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन आत्माराम धुरी रात्रभर झोपले नव्हते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दर्या अजून खवळलेला आहे. आठ माणसांना शोधायला मी तीसचाळीस माणसं पाठवणार, तीही कुणाचीतरी लेकरं आहेत. सड्यावरून काही खबर आली तर पाठवणार नाही. नाहीतर भरती आहे तोवर बोटी काढायच्या. आमच्या खाडीच्या तोंडावर वाळूचा पट्टा आहे. सुकती लागली, म्हणजे ओहोटीनं पाणी उतरलं, की संध्याकाळपर्यंत आतली बोट आत आणि बाहेरची बाहेर.

"थांब," भावजी म्हणाले.

मी थांबले. त्यांनी खोळ बाजूला सारली, पावसाची पर्वा न करता. पडद्यावर एकच ओळ होती.

"इली," ते म्हणाले. आवाज फुटलाच नाही, म्हणून परत म्हणाले, "भगवती इली."

मागे काय झालं ते मी सांगू शकत नाही, कारण मला खांब सोडता येत नव्हता. कुणीतरी माझ्या पाठीवर डोकं टेकून रडत होतं, ती मनाली असावी. तिचा नवरा राजू बोटीवर खलाशी होता. सासू उठली. दोन दिवस तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, तरी ती मुलीसारखी तुरुतुरु पायवाट उतरायला लागली. जाताना मागे वळून म्हणाली, "भात लावतंय गो. तू ये मागसून." मनाली बंदराकडे धावली, चेअरमनना सांगायला.

सडा रिकामा झाला. मीही निघाले होते, पण भावजी उठेनात. डिशच्या बुडाशी त्यांनी एक फळी बसवली होती, तिच्यावर खडूनं डिशच्या दिशेची एक रेघ मारली. मग बिडी काढली, वाऱ्यात पेटेना, तशीच ओठात धरून बसले.

"चला ना भावजी."

"वायच थांब. फिरव परत. हळू."

नाव एव्हाना फिकं झालं होतं. मी डिश फिरवली. डावीकडे, म्हणजे दक्षिणेकडे सरकवल्यावर ते पुन्हा ठसठशीत झालं. भावजींनी दुसरी रेघ मारली. थोड्या वेळानं तिसरी. दोन्ही वेळा ते रेघांकडे बघत राहिले आणि मला त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद उतरताना दिसला.

"काय झाला?"

"उत्तरेकडसून येता." त्यांनी घोड्याच्या टोकाकडे बोट केलं. "टोकाआडसून निघाली नि आता हिकडे येता. वाऱ्याच्या तोंडावर."

"मगे? वादळान वर ढकलली असतली."

"ढकलतला. पण गिअर तुटलेली बोट वाऱ्याच्या तोंडावर परत कशी येतली? गिअर काय दर्यात दुरुस्त होणा नाय."

"रवळनाथ ओढून हाडता असात," मी म्हटलं. भिकाजीकाकांच्या बोटीवर डबा नव्हता, असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वासच नव्हता. त्यामुळे ते ओढून आणत असले, दोन बोटी असल्या, तरी नाव एकच दिसणार, हे मला लगेच सुचलं. माणसाला हवं असलं की सगळं सुचतं.

भावजींनी मान हलवली. "बघ ह्या रेघांत केवढा अंतर आसा. ओढून हाडलेली बोट मी हयसून कितीदा बघलंय. ती अशी पळणा नाय, रडत रडत येता. ही मोकळी बोट आसा, रसिका. मागे काय नाय तिच्या."

मी खांब सोडला. डिश वाऱ्यानं गर्रकन फिरली आणि नाव गेलं. आम्ही दोघांनीही ती परत वळवली नाही.

"म्हणजे डबो रवळनाथवर आसा," मी म्हटलं.

"माका तसा वाटता."

"नि भगवती?"

त्यांनी ओठातली बिडी काढून चुरगाळली. खाली बंदरात कुणीतरी फटाक्यांची माळ लावली होती, दिवाळीची उरलेली. तो आवाज वर येत होता. खाडीच्या तोंडाशी वाळूवरचा पाण्याचा रंग बदलायला लागला होता, तो सड्यावरून स्पष्ट दिसत होता. भरती उतरू लागली होती.

"भावजी, तुमी जावन सांगा. आता बोटी सुटल्यो नाय तर सांजवेळपर्यंत सुटूच्यो नाय."

ते माझ्याकडे बघायला तयार नव्हते. "माझी आवस भात लावता गो," ते म्हणाले. "मी कसो सांगू? आणि माझा चुकला तर? ओढीत हाडीत असले तर? माझ्या तोंडान भावाक मारू काय?"

मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी कीवही आली. दोन बोटं गेली तेव्हासुद्धा हा माणूस रडला नव्हता, दिगूनं मला सांगितलं होतं. आता तो खोळीत तोंड लपवून बसला होता. मी चपला हातात घेतल्या आणि ओल्या कातळावरून खाली पळाले.

धक्क्यावर जत्रा भरली होती. चार बोटींवरचे खलाशी खाली उतरून चहा पीत होते. चेअरमन एका पेटीवर बसले होते आणि लोक येऊन त्यांची पाठ थोपटत होते, जणू त्यांनीच बोट शोधली. मला बघून सगळ्यांनी वाट करून दिली.

"ये गो ये," चेअरमन म्हणाले. "नशीबवान आसस. गाऱ्हाणा पोचला देवाक."

"काका, बोटी काढा," मी म्हणाले. "माझो घोव त्या बोटीत नाय."

कुणीतरी हसलं. त्यांना वाटलं मी आनंदानं खुळावलेय. मग मी रेघांचं सांगितलं. उत्तरेकडून येतेय, वाऱ्याच्या तोंडावर येतेय, मोकळी पळतेय. सांगताना माझे शब्द एकमेकांत अडकत होते. गिअर म्हणाले तेव्हा दोनचार जुन्या तांडेलांनी माना खाली घातल्या.

"सुधा खय आसा?" चेअरमननी विचारलं. "तो कित्या नाय सांगणा?"

"तेका सांगवणा नाय."

"म्हणजे तेका खात्री नाय." ते पेटीवरून उठले. माणूस वाईट नव्हता, आजही मी त्यांना वाईट म्हणणार नाही. "हे बघ, सुधाच्या डिशीन आजपर्यंत फसवलेला नाय. नाव भगवतीचा आसा मा? मगे बोट येवंदे. इल्यार बघूया."

"येयसर सुकती लागतली!"

"लागांदे. डोळ्यांदेखत पोरांका मरूक धाडू काय मी?"

मनाली पुढे आली. मघाशी माझ्या पाठीवर रडणारी तीच. "तुका काय झालाहा?" ती ओरडली. "आमचे घोव येतहत नि तू हय उभी रवान नाय येणत म्हणतस? तुझ्या जिभेक हाड आसा काय?"

ती चुकीची नव्हती. मी स्वतःच्या तोंडानं तिचा नवरा दर्यात ढकलत होते, आणि माझाही. सगळ्या वाडीत मी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध. लग्नात उखाणा घेताना पुरोहिताचीही फिरकी घेतली होती मी. पण त्या दिवशी प्रत्येक शब्द गळ्यातून खेचून काढावा लागत होता. आतून एक मन सारखं म्हणत होतं, गप बस, घरी जा, भात झाला असेल.

तेवढ्यात सासू आली. तिला कुणी जाऊन सांगितलं ते मला कधीच कळलं नाही. हाताला तांदळाचं पाणी तसंच होतं. ती गर्दीतून सरळ माझ्यासमोर आली आणि तिनं विचारलं, "काय म्हणतस तू?"

"आये, तो त्या बोटीत नाय."

तिनं आपला ओला हात माझ्या तोंडावर ठेवला. मारला नाही, नुसता दाबून धरला. "बोलू नको," ती म्हणाली. "अगो, बोलू नको."

मी तिचा हात धरून बाजूला केला. ते मला करावं लागलं. आणि तिच्या डोळ्यांत बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "तो भायर आसा, पाण्यात आसा, नि तेका हाडूक कोण जाणा नाय. तो ह्या बोटीत नाय."

ती परत फिरली आणि आली तशी निघून गेली.

तेव्हा पांडू सारंग पुढे आला, त्या चार बोटींतल्या एकीचा तांडेल. पांडूचं आणि दिगूचं जाळ्यांवरून इतकं हाडवैर होतं की एकमेकांच्या सावलीला उभे राहायचे नाहीत. त्यानं चहाचा पेला धक्क्यावर ठेवला.

"मी जातंय," तो म्हणाला.

"तू गप, पांडू," चेअरमन म्हणाले.

"नाय. माका एक सांगा. ही बाई आपलो घोव येणा नाय म्हणान बोंबलता. हेच्यात तिका काय गावता?" त्यानं सगळ्यांकडे बघितलं. "कायच गावणा नाय. फायद्याशिवाय माणूस खोटा कशाक बोलतला?" मग त्यानं आपल्या खलाशांना हाक मारली.

बोट सुटायला लागली तेव्हा भावजी धापा टाकत धक्क्यावर आले. आईला दिलेली दर्याची शपथ त्यांनी त्या दिवशी मोडली. पांडूनं हात दिला आणि त्यांना वर ओढून घेतलं. वाळूच्या पट्ट्यावर बोटीचं बूड घासलं, तो आवाज आम्हाला धक्क्यापर्यंत ऐकू आला, पण ती निघाली. तिच्यानंतर बाकीच्या तीन बोटींना ते पाणी उरलं नव्हतं.

मी घरी गेले. चूल विझवलेली होती. टोपात तांदूळ अर्धेकच्चे, वर पाणी तसंच. सासू देवाच्या खोलीत भिंतीला तोंड करून बसली होती. मी हाक मारली नाही. परत धक्क्यावर येऊन बसले.

दुपारी धुक्यातून 'रवळनाथ' आली. एकटी. आत यायला पाणी नव्हतं म्हणून बाहेर नांगरली आणि भिकाजीकाका होडीतून धक्क्याला लागले. साठी उलटलेला माणूस, दोन दिवसांत ऐंशीचा दिसत होता. पोटाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी धरलं होतं. फटाक्यांचे लाल कागद पायाखाली ओले होऊन चिकटले होते.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "बोटी गेल्यो?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

"एक गेली," चेअरमन म्हणाले.

"एकच?" ते तिथेच धक्क्यावर बसले. "नाव दिसला नाय काय तुमका? मी टोकाकडसूनच डबो लावलेलंय."

मी त्यांच्यासमोर बसले आणि त्यांनी मलाच सगळं सांगितलं. त्यांनी 'भगवती'ला दोर लावला होता, तो लाटेत तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. बोटीला बोट भिडवता येईना, नाहीतर माणसं तरी घेतली असती. त्यांचा वायरलेस पाण्यानं बंद पडलेला. शेवटी दिगूनं नांगर टाकला, हा डबा गुंडाळून तरंगत्या बोयाला बांधला आणि दोरावरून त्यांच्याकडे सोडला.

"वरडान सांगल्यान माका," भिकाजीकाका म्हणाले. "'काका, टोकाकडे पोचलास की ह्यो चालू कर. सुधा सड्यार असतलो. तुझी बोट पोचाच्या आदी नाव पोचतला. मगे ते बोटी धाडतले.' मी म्हटलंय, 'अरे मेल्या, नाव बघून तेंका वाटतला तूच इलस.' तर तो हसलो. तशा लाटेत हसलो गो. म्हणालो, 'लोकांका वाटांदे. सुधाक दिशा कळता.'"

मग रात्रभर 'रवळनाथ' वाऱ्यानं वर फेकली गेली होती, टोकामागे कशीबशी तगली होती, आणि उजाडल्यावर निघून त्यांनी दिगूनं सांगितल्याप्रमाणे डबा लावला होता. बस, एवढंच.

मला त्या क्षणी रडू आलं नाही. उलट, लाज वाटावी असा एक आनंद झाला. त्यानं धाडलेला निरोप आम्हाला बरोबर वाचता आला होता. तो दर्यात बसून आमच्यावर भरवसा ठेवून होता आणि आम्ही तो मोडला नव्हता. पांडू गेला होता. आता तो सापडणारच, असं मी भिकाजीकाकांना म्हणालेसुद्धा. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि डबा माझ्या हातात दिला.

संध्याकाळच्या भरतीला पांडूची बोट आत आली. धक्क्यावरून माणसं दिसायला लागली तेव्हा मनालीनं राजूला ओळखलं आणि ती पाण्यातच उतरली. सहा जण होते. डिझेलच्या कॅनना आणि बोयांना बांधलेले ते दर्यात तरंगताना सापडले होते, उत्तरेकडे वाहत, पांडूनं अंदाज धरला होता जवळपास तिथेच. ओठ फुटलेले, कातडी पांढरी पडलेली, पण जिवंत. शिवा नावाचा जेवण करणारा खलाशी नव्हता. आणि दिगू नव्हता.

भावजी सगळ्यांत शेवटी उतरले. माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

"कधी?" मी विचारलं.

"उजाडाच्या आदी. नांगराचो दोर तुटलो, बोट पालथी झाली. तेणाच सगळ्यांका बांधल्यान. राजू म्हणता, दिगू अंधारात हाक मारी होतो एकेकाक. मगे हाक थांबली."

उजाडायच्या आधी. म्हणजे आम्ही सड्यावर चढलो तेव्हा तो नव्हता. पडद्यावर नाव आलं, फटाके वाजले, मी धक्क्यावर घसा फोडून ओरडले, तेव्हा तो नव्हताच. मी कितीही लवकर बोलले असते, चारही बोटी गेल्या असत्या, तरी तो मला मिळणार नव्हता. लोक मला याचा दिलासा द्यायचे. मला त्यात दिलासा कधीच सापडला नाही.

दोघंही सापडले नाहीत. पुढची सगळी कर्मं दर्भाच्या बाहुलीवर झाली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. राजू आणि मनालीला त्यानंतर मुलगी झाली, बारशाला मनालीनं मला आधी बोलावलं आणि मुलीला माझ्याच मांडीवर ठेवलं. दर गणपतीत त्या सहा घरांतून मला साडी येते. पांडू अजून कुणाशी सरळ बोलत नाही, पण पहिली सुरमई लागली की आमच्या दारात ठेवून जातो. भावजी सड्यावर पुन्हा गेले नाहीत. टॉवर उभा राहिला, फोन सुधारले, कुणी त्यांना भरीसही घातलं नाही.

घरात मात्र सासूनं त्या दिवसाचा विषय एकदाही काढला नाही. मला ती कधी घालूनपाडून बोलली नाही, माहेरी जा म्हणाली नाही. मी आजारी पडले तेव्हा तिनं माझे पाय चेपले. वाडीतल्या बायका म्हणायच्या, अशी सासू मिळायला भाग्य लागतं. तरी मला माहीत होतं की आमच्यात काहीतरी उभं आहे. ती माझ्याशी बोलायची, पण माझ्या तोंडाकडे बघायची नाही.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघी अंगणात सुकट निवडत होतो. तिची नजर अधू झालेली, तरी बोटं सवयीनं चालायची. दुपारची वेळ, वाडी सगळी झोपलेली. ती अचानक म्हणाली, "तुझा बरोबर होता गो."

मी हात थांबवला. कशाबद्दल, हे मला विचारावं लागलं नाही.

"सहा घरा वाचली. माका कळता ता. तेवाच कळला." तिनं सुकटीतला एक खडा काढून बाजूला टाकला. "पण तू बोलला नसतंस, तर भिकाजी येयसर तरी माझो झील जितो होतो. मी भात करी होतंय तेच्यासाठी. तेवढी दुपार तरी माका गावली असती."

तिच्या आवाजात राग नव्हता. म्हातारी माणसं एखाद्या हरवलेल्या भांड्याबद्दल बोलतात तसं ती बोलली, आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघितलं.

मी तोंडाळ बाई. पण मला बोलता आलं नाही. मी सूप खाली ठेवलं आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, धक्क्यावर रडले नव्हते ते सगळं. ती दुपार मलाही हवी होती.